नऊ नंबरची माती

"पियाओताई, नऊ नंबरची बाटली चुकलीय बहुतेक," डॉक्टर ग्वान म्हणाला, तेही मान वर न करता, कागदावर पेन्सिलीची एक बारीक फुली मारत. सकाळचे दहा वाजले होते. दक्षिण चीनमधल्या खुनमिंग शहराचं नोव्हेंबरातलं कोवळं ऊन प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर आडवं पसरलं होतं, आणि पियाओ मिबोच्या हातात तीन केसांचा कुंचला होता. समोरच्या काचेच्या बशीत नखाच्या कोरेएवढी एक गोम अल्कोहोलमध्ये अंग वळवून पडली होती. मिबोने कुंचला खाली ठेवला. "चुकलीय म्हणजे?" "म्हणजे ती चहाच्या मळ्यातली नाहीच. एकोणतीस जाती? बाकीच्या मळ्यांत नऊ, अकरा, फार तर बारा. आणि इकडे सतरा नंबर बघा, जंगलातली बाटली, तिच्यात तेराच. सरळ आहे. चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. दोन्ही वगळून टाकू." मग तो उठला, तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका हं. चाळिशीनंतर डोळे कुणाचे राहतात?" मिबो म्हणाली, "बरं." आणि तो दाराबाहेर गेल्यावर तिला कळलं की त्याच्या बोलण्यापेक्षा स्वतःचं ते 'बरं'च आपल्याला जास्त लागलंय.

एकोणीस वर्षं ती हे काम करत होती. आली तेव्हा बाटल्या धुवायला. मग इथल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी तिचा हात बघितला, धुतलेल्या बाटल्या न वाजवता ठेवणारा, आणि तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. डोंगरावरून माती यायची, लोखंडी वाट्यांत भरून. ती माती नसराळ्यात चाळणीवर पालथी घालायची, वर दिवा लावायचा. दिव्याने माती वरून सुकत जाते, तापत जाते, आणि आतले जीव गारवा नि अंधार शोधत खाली खाली सरकतात, शेवटी चाळणीतून खालच्या बाटलीत पडतात. सात दिवसांनी दिवा बंद करायचा, आणि मग मिबोने ते एकेक वेचायचे. पोटाखाली दुमडलेल्या शेपटीने टुणकन उडणारे पांढरे किडे, ज्यांना ती मनातल्या मनात उड्या म्हणायची. चकचकीत तपकिरी कोळीकिडे, मोहरीच्या दाण्याला पाय फुटल्यासारखे. विंचवासारख्या नांग्या असलेले पण शेपूट नसलेले, तिळाएवढे. डॉक्टर लोक यायचे, शोधनिबंध लिहायचे, मोठ्या शहरांत निघून जायचे. निबंधाच्या शेवटी आभारांच्या ओळीत कधी तिचं नाव असायचं, कधी नसायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. पण आजवर तिचं मोजलेलं कुणी वगळलं नव्हतं.

दुपारी ती फाटकाबाहेरच्या टपरीवर तांदळाच्या शेवयांचा वाडगा घेऊन बसली. मालकीणबाई म्हणाली, "काय हो ताई, आज तिखटाच्या बरणीला हातसुद्धा लावला नाहीत? बरं नाही का?" "आहे बरं," मिबो म्हणाली, आणि पुन्हा तेच 'बरं' ऐकून स्वतःवरच चिडली. वाडग्यातली वाफ चष्म्यावर बसली. चष्मा काढला तेव्हा रस्ता, सायकली, समोरची पिवळी झालेली झाडं सगळं एकमेकांत मिसळलं. खरंच चुकलं असेल तर? कारण चिठ्ठ्या लिहिल्या त्या दिवशी तिचा हात कापत होता. हे ग्वानला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्या दिवशी ती पारदर्शक कागदाच्या बारक्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने आकडे घालून एकेक बाटलीत सोडत होती, सात, आठ, आणि तेवढ्यात गावाकडून भावाचा, लोचेचा फोन आला. "ताई, आमाच्या मळ्यातली झाडं पाडायची ठरवलीत मी. शरदाची खुडणी झाली की लगेच. खालच्या लोकांना चहाचा दुप्पट पाला मिळतो, आणि आपण आपले सावली राखत बसलोय. आमाला मी सांगितलेलं नाही. तूच सांग." तिने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नव्हतं. फोन ठेवला आणि पुढची चिठ्ठी लिहिली. ती नऊ होती का? की त्या बाटलीत दुसरीच पडली?

आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. नऊ नंबरचा मळा आमाचा, तिच्या आईचाच होता. विद्यार्थ्यांनी नकाशावर रेघा मारून जागा निवडल्या होत्या, सहा जंगलातल्या, चौदा चहाच्या. त्यांना कुठे ठाऊक होतं की एक रेघ मिबोच्या आईच्या बांधावर येऊन पडलीय. मिबोने यादी बघितली होती, डोंगराचं नाव ओळखलं होतं, पाण्याच्या टाकीची खूण ओळखली होती, आणि गप्प बसली होती. बोलली असती तर हसले असते, किंवा वाईट म्हणजे कुतूहलाने बघितलं असतं: अरे वा, आमच्या पियाओताई डोंगरातल्या! इथे ती कागदांवरची पियाओ होती. मिबो फक्त फोनवर होती.

तो उतार तिने स्वतःच्या हातांनी खणला होता. पंधरा वर्षांची होती. आदा, तिचे वडील, तेव्हा गावाच्या तुकडीचे प्रमुख होते, आणि वरून हुकूम आला होता की डोंगराला पायऱ्या पाडा, चहा लावा, ओळीत लावा. जंगल एका हिवाळ्यात पडलं. मग जळलं. मग सगळ्या गावाने कुदळी घेतल्या. आणि काय माती होती ती! काळी, भुसभुशीत, हातात घेतली की मूठ मिटल्यावरही फुगून वर यायची. कुदळीच्या प्रत्येक घावाला तीतून जीव उसळायचे. वेटोळी होऊन गोटी बनणारे वाणी किडे, लांबलचक निळसर गांडुळं, गोमा, पांढऱ्या अळ्या. गावातल्या कोंबड्या वेड्या झाल्या होत्या. माणसांच्या टाचेमागे रांगेने चालत, टोचत, भांडत, पोटं टम्म फुगवून तिथेच बसून राहत. मिबो हसत हसत टोपलीभर वाणी गोळा करून संध्याकाळी घरच्या कोंबड्यांपुढे ओतायची. सगळ्यांत जास्त पायऱ्या खणल्या म्हणून तिला इनॅमलचा मग बक्षीस मिळाला होता. पुढच्या वर्षी कोंबड्या आल्या, पण थोड्या. तिसऱ्या वर्षी पिशव्यांतलं पांढरं खत आलं, फवारणीचे पंप आले, आणि कोंबड्या मळ्याकडे फिरकेनाशा झाल्या. चौथ्या वर्षी माती तांबडी झाली. पावसाने तिच्यावर साय धरायची आणि उन्हात ती साय तडकायची. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चहा मात्र हिरवागार होता.

आमाच्या लक्षात आलं. तिने कधी मांडून सांगितलं नाही, कारण मांडायला तिच्याकडे शब्द नव्हते. "माती बोलेनाशी झाली," एवढंच म्हणायची. मग ती जंगलाच्या काठावरून कापराचं रोप आणायची, रानचेरीचं आणायची, आणि चहाच्या ओळींत गुपचूप खोचायची. आदा ते उपटायचे. ती पुन्हा लावायची. जेवताना एकदा ते ओरडले, "अगं बाई, सावलीत चहा आळशी होतो, सगळं गाव हसतंय मला!" त्यावर आमा भाताचा घास न थांबवता म्हणाली, "तुम्ही रोज दुपारी कुणाच्या सावलीला पडता? उद्यापासून ओळीत उभे राहा बघू, ऊन लागेल असे." भावंडं तोंडावर हात ठेवून हसली होती. आदांनी उपटणं हळूहळू सोडलं. दमले असतील, किंवा हरले असतील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आता त्या मळ्यात चहावर कापूर, चेरी, अक्रोड अशी छपरासारखी झाडं होती, खाली घोट्याएवढा पाला होता. खत नाही, फवारणी नाही, कारण आमाला पिशवीचा वास आवडत नाही. आणि चहाचा पाला निम्मा.

वाडगा तसाच टाकून मिबो उठली. वर जाताना जिन्यात तिचे पाय तिच्या आधी धावत होते. ती दारातच म्हणाली, "डॉक्टर, नऊ नंबर बरोबर आहे." ग्वान चहाचा पेला हातात घेऊन वळला. "कशावरून?" "तो माझ्या आईचा मळा आहे." बोलून झालं आणि तिला हलकं वाटलं. ग्वानने भुवया वर केल्या. तेहतीस वर्षांचा, उत्तरेकडून, शनयांगहून आलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. "मग तर पियाओताई, अजूनच वगळायला पाहिजे. लोक म्हणतील, लेकीने आईचे किडे वाढवून मोजले." "म्हणू देत. म्हणूनच पुन्हा खणू या. तुम्ही खणा, मी कुदळीला हात लावणार नाही. चिठ्ठ्या तुम्ही लिहा, आकडे नकोत, काहीतरी खुणा घाला, आणि त्यांची यादी कुलपात ठेवा. मला कळता कामा नये कुठली माती कुठली. मी फक्त वेचीन." "आणि चुकलं निघालं तर?" मिबोच्या जिभेवर शब्द आला तेव्हा तिला स्वतःलाच दचकायला झालं. "तर हे सूक्ष्मदर्शक दुसऱ्या कुणाला द्या. मी बाटल्या धुवीन." ग्वान हसून म्हणाला, "बाटल्या धुवायला तुमच्याएवढी महागडी बाई आम्हाला परवडायची नाही. पण चला. मलाही तुमचा डोंगर बघायचाय."

बसने दिवसभराचा रस्ता, मग भाड्याच्या जीपने वर. ग्वानला घाटात ओकारी झाली. आमा दारातच उभी होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर चांदीच्या बटणांची टोपी, कमरेला विळा. खाली शहरात बोलतात ती बोली तिला मोडकीतोडकी येते, पण ती बोलायला लाजत नाही. "हा मातीतले किडे मोजणारा?" तिने मिबोला विचारलं. "याला पगार मिळतो?" "मिळतो, आमा." "आणि घरी आई आहे का याला?" ग्वान म्हणाला, "आहे की, आजी." "मग तिला पत्र लिही की जेवण मिळतंय," असं म्हणून तिने त्याच्या पुढ्यात कोंबडीची पेज ठेवली, वाटून केलेल्या मिरचीचा ठेचा ठेवला, आणि तो घाम पुसत खाईपर्यंत समोरून हलली नाही. लोचे ओसरीवर बसून करवतीच्या साखळीला तेल लावत होता, बहिणीकडे न बघता. "आमाला सांगितलंस?" तो पुटपुटला. "तू सांग," मिबो म्हणाली. "नवीन वर्षापर्यंत थांब, लोचे. एक झाड पाडू नकोस. एवढं माझ्यासाठी कर." "आणि मग?" "मग मी काय सांगीन ते ऐक, आणि नाही पटलं तर झाडं पाडताना मी स्वतः दोरी धरीन." त्याने साखळी पुसली आणि करवत पिशवीत घातली. ज्याला बहिणीने लहानपणी पाठीवर बांधून वाढवलं त्याला तिला नाही म्हणणं अवघड होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

ग्वानने चार जागा खणल्या. आमाचा नऊ नंबर, त्याच्या खालचा शेजाऱ्यांचा चार नंबर, आणि जंगलातल्या सोळा नि सतरा. प्रत्येक जागी पाच वाट्या. मिबो बोलल्याप्रमाणे लांब उभी राहिली, हात पाठीशी बांधून. सतरा नंबरच्या जंगलात मात्र ग्वान बराच वेळ खाली वाकेना. नुसता उभा. वर मोठमोठी झाडं होती, पण खाली जमीन अंगणासारखी लख्ख झाडलेली, पानाचा मागमूस नाही. इतक्यात दोन बाया पाठीवर पाल्याची गाठोडी घेऊन उतरताना दिसल्या. "कशाला नेता हो?" मिबोने विचारलं. "डुकरांच्या खोपीत अंथरायला. रोजच नेतो की!" त्या हसत पुढे गेल्या. मिबोने ग्वानकडे बघितलं. त्याने वहीत एक लांबलचक ओळ लिहिली, आणि लिहिताना त्याचे कान लाल झाले. तिला वाटलं, इथेच थांबावं, हे पुरे. पण पुरे नव्हतं. झाडलेल्या जमिनीने सतराचा खुलासा होत होता. नऊचा नव्हता.

मग खुनमिंगला सात दिवस दिवे, आणि त्यानंतर तीन आठवडे मिबोच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. वीस बाटल्या, आणि प्रत्येकीत अक्षरांच्या अगम्य खुणा. ती सकाळी आठला बसायची. वेचताना अंदाज बांधायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण मन ऐकत नसे. पहिल्या बाटलीत नुसते कोळीकिडे नि दोन प्रकारच्या उड्या, आणि तिच्या मनात आलं: ही आमाची असली तर? चौथ्या बाटलीत एवढं काही निघालं की ती घाबरून उठून चक्कर मारून आली. आपल्याला हवं तेच दिसतंय का? एक किडा दोनदा मोजला का? तिने ती बाटली पहिल्यापासून पुन्हा मोजली. तोच आकडा. नवव्या बाटलीत तिला तो दिसला, ज्याला डोळे नसतात, मिशाही नसतात, म्हणून जो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. अल्कोहोलमध्येसुद्धा त्याचे पाय वरच होते. असे जीव तिला जुन्या जंगलाच्या मातीतच भेटत आले होते. कुदळ लागली, ऊन लागलं, पाला गेला, की हे आधी जातात. मिबो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. ही जंगलाची बाटली असणार, तिने मनाला बजावलं, आशा धरू नकोस. आणि तरीही कुंचल्याच्या टोकावर त्याला उचलताना तिला तो पंधराव्या वर्षीचा उतार आठवला, टोपलीत वळवळणारे वाणी, कोंबड्यांचा कलकलाट, स्वतःचं ते हसणं. तेव्हा मी यांना टोपलीने ओतलं, तिच्या मनात आलं, आता एकेक उचलतेय. तिचा हात जराही कापत नव्हता.

शेवटची बाटली गुरुवारी दुपारी झाली. ग्वानने कपाटातून पाकीट काढलं. बातमी कशी पसरली कुणास ठाऊक, दारात शेजारच्या खोल्यांतली पाच-सहा माणसं येऊन उभी होती. तो एकेक खूण वाचत होता, मिबो आकडा सांगत होती, आणि तो फळ्यावर लिहीत होता. सोळा नंबर, जंगल: तेहतीस. चार नंबर, चहा: दहा. सतरा, झाडलेलं जंगल: चौदा. मग तो थांबला. राहिलेल्या पाच बाटल्यांतल्या वेगवेगळ्या जाती त्याने मनात मोजल्या असणार, कारण लिहायच्या आधीच खडू त्याच्या हातात मोडला. नऊ नंबर: एकतीस. त्यात नांग्यावाले, त्यात वाणी, त्यात तो पाय वर धरून चालणारा आंधळा. मग ग्वान वळला, खडूने पांढरे झालेले दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी धरून त्याने कमरेतून वाकून तिला नमस्कार केला, अगदी विद्यार्थी गुरूला करतो तसा. "पियाओताई, माझं चुकलं. आणि दोन महिने मी चुकीचाच निबंध लिहीत होतो. जंगल की चहा, एवढंच विचारत होतो. खाली काय अंथरलंय ते विचारलंच नाही." तेवढ्यात त्याला काही दिसलं आणि तो फळ्यावर बोट ठेवून ओरडलाच, "थांबा! चार नंबरची ही एक वाटी बघा. इतर वाट्यांत सात-आठ, आणि हिच्यात सोळा? त्यातल्या पाच जाती तर त्या उडणाऱ्या पांढऱ्या किड्यांच्याच, आणि त्यातल्या तीन बाकी वाट्यांत नाहीत!" वही उलटी-सुलटी करत तो हसायला लागला. "बेरजेत धरलीच नाही मी ही, वाटी बांधाला फार जवळ आली म्हणून. तुमच्या आईच्या बांधाला! ताई, ते चालत निघालेत. खालच्या मळ्यात उतरतायत!" दारातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मिबोला काय करावं सुचेना. ती म्हणाली, "निबंधात माझं नाव शेवटी नको." ग्वान क्षणभर गोंधळला. "पहिल्या ओळीत पाहिजे," ती म्हणाली. "आणि पियाओ मिबो असं पूर्ण."

नवीन वर्षाला ती गावी गेली तेव्हा लहान सूक्ष्मदर्शक तिच्या मांडीवर होतं, आणि बसमध्ये तिने ते कुणाच्या हाती दिलं नाही. भोवरे फिरवायचा दिवस होता. गावचे सगळे आमाच्या अंगणात जमले होते, मक्याची दारू फिरत होती. मिबोने ओसरीवर उन्हात टेबल मांडलं, आणि मग एकोणीस वर्षांत प्रथमच आपलं काम आपल्या बोलीत सांगितलं. काही जिवांना बोलीत नावंच नव्हती, तिथे तिने आपली मनातली नावं वापरली, आणि लोक हसले, आणि ती नावं लगेच म्हणायलाही लागले. खालच्या मळ्याचा मालक, जो वर्षानुवर्षं आमाच्या झाडांवरून टोमणे मारायचा, म्हणाला, "म्हणजे म्हातारीचे किडे माझ्या हद्दीत शिरले म्हणायचे! भाडं मागू का?" "माग की," लोचे मोठ्याने म्हणाला, "आणि त्यांनी तुझी माती पोखरून मऊ केली त्याची मजुरी दे आधी." सगळं अंगण खदखदलं. लोचेने करवत विकली नव्हती, पण झाडांचं नाव काढलं नव्हतं. दुपारी त्याने त्या मालकाला चेरीची चार रोपं कुठे मिळतील ते दाखवायला नेलं, हे मिबोने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याआधी मात्र तिने मळ्यातली ओंजळभर माती बशीत घेतली, पाणी शिंपडलं, भिंगाखाली सरकवली, आणि आमाला खुर्चीत बसवलं. "एक डोळा मीट. दुसऱ्याने बघ." आमाने आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, शिव्या घातल्या, आणि मग एकदम पुढे वाकली. खाली तिची माती हलत होती. पांढरं काहीतरी उडालं. तांबूस काहीतरी पानाचा तुकडा ओढत गेलं. कुणी कुणाच्या अंगावरून चढून गेलं, कुणी बिळात शिरलं. आमाचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. गळ्याची शीर उडताना मिबोला दिसत होती, आणि तिला वाटलं, हिच्याशेजारी अशी उभी राहायला मी इतकी वर्षं का घेतली.

"एवढे सगळे?" आमा हळूच म्हणाली. "आणि मला वाटायचं मी एकटीच राबतेय."

मागे रांग वाढत चालली होती. कुणीतरी ओरडलं, "ए म्हातारे, सरक आता, आम्हालाही बघू दे!" आमाने डोळा न काढता एक हात मागे करून सगळ्यांना थोपवलं. "थांबा रे," ती म्हणाली. "माझं अजून झालं नाही."